नंबर आला की कळवू

११ मार्च

ही वही खरं तर हिची. रुग्णालयातल्या समुपदेशक बाईंनी दोघांना सांगितलं होतं, मनात येईल ते लिहून काढा, वाट बघायचा काळ जरा सुसह्य होतो. हिनं वही आणली, काही दिवस टेबलावर नुसती ठेवली आणि आज सकाळी माझ्या डब्याच्या पिशवीत टाकली. म्हणाली, "माझं मी बोलते. लिहायची गरज तुला आहे."

मला कसली गरज? पण कोरी वही पडून राहण्यापेक्षा बरं.

तर सुरुवातीपासून. लग्नाला आठ वर्षं झाली. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतो, ही पाणीपुरवठा खात्यात जमिनीखालच्या पाइपांचे नकाशे काढते. तीन वर्षं आम्हाला मूल हवंय आणि होत नाही. तपासण्या झाल्या. हिच्या झाल्या, माझ्या झाल्या, काही परत झाल्या. मागच्या आठवड्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सगळं नॉर्मल आहे. कारण सापडत नाही." इतक्या कौतुकानं म्हणाल्या की मला वाटलं आता हार घालतात की काय. गाडी बंद पडली की बॉनेट उघडायचं, काहीतरी सापडतंच. बॅटरी, प्लग, निदान एखादी सुटलेली वायर. इथे सगळे पार्ट चोख आणि गाडी जागची हलत नाही.

मध्येच त्यांनी विचारलं, यापूर्वी कधी दिवस राहिले होते का? मी नाही म्हणालो, आणि त्याच वेळी ही हो म्हणाली. सहा वर्षांपूर्वी, तिसऱ्या महिन्यात गेलं. ते माझ्या लक्षातच आलं नाही. ते मी धरत नाही.

आता टेस्ट-ट्यूबचा उपचार करायचा. रुग्णालय सरकारी, त्यामुळे मोठी यादी. "वर्षभर तरी धरून चाला. नंबर आला की कळवू." हिनं शांतपणे मान डोलावली. जिना उतरताना मी म्हणालो, "वर्ष काय गं, बघता बघता जाईल." ही कठड्याला धरून उतरत राहिली. धक्का बसलाय हिला. हिला जपायला हवं.

मी ठीक आहे.

१९ मार्च

एक शिकवणी संपली, दुसरी यायची आहे. गाडीतच लिहितोय. घरी लिहिलं तर ही विचारेल काय लिहिलंस.

काल रुग्णालयात फोन केला. सहजच. नाव यादीत नीट चढलंय ना, एवढंच विचारायला. फोनवरची म्हणाली, "चढलंय. नंबर आला की आम्हीच कळवू."

"आमच्या पुढे किती जण आहेत?"

"तसं सांगता येत नाही."

"अंदाजे?"

"अंदाजेही नाही सांगता येत."

आभार मानून ठेवला. मग वाटलं, आपला मोबाइल नंबर बरोबर लिहिलाय का हे विचारायचं राहिलं. परत लावला. बरोबर लिहिलाय.

हिला बोललो नाही. उगाच हिच्या डोक्याला ताप.

७ एप्रिल

रविवार, तरी खाली गाडीत येऊन बसलोय. ही फिरायला गेली होती. हल्ली दर रविवारी सकाळी जाते. मी येऊ का म्हटलं तर म्हणाली, "तुझ्याबरोबर चालायचं म्हणजे शर्यत लावल्यासारखं होतं." तासाभरानं आली तेव्हा डोळे लाल. विचारलं तर वारं होतं म्हणाली. इथे खिडकीतून तर पान हललेलं दिसलं नव्हतं. असो, एकटीनं चालून बरं वाटत असेल तर चालू दे.

तेवढ्या वेळात मी आईला फोन लावत होतो. एंगेज. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. आई धाकट्या भावाकडे राहते. त्याच्या बायकोला माहेरच्यांशी गप्पा मारायला आईचाच मोबाइल आणि रविवारची सकाळच सापडते बहुतेक. शेवटी दुपारी लागला.

एक गोष्ट लक्षात आली. पूर्वी आईचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "काय रे, काही विशेष?" आणि माझं उत्तर ठरलेलं, "इतक्यात विचार नाही गं." आज तिनं विचारलंच नाही. मागच्या खेपेलाही नाही. नुसतं, "जेवतोस ना नीट? झोप लागते ना?" वय झालं, विसरते बिचारी. माझ्या पथ्यावरच पडलं. तिला यातलं काही कळू द्यायचं नाही, हे माझं पक्कं आहे. झेपणार नाही तिला.

फोन झाल्यावर काय करावं ते सुचेना. लहान खोलीतलं सगळं सामान बाहेर काढलं आणि भिंत घासायला घेतली. ही दारात येऊन उभी राहिली.

"आत्ता कशाला?"

"पोपडे आलेत."

"चार वर्षांपासून आलेत."

"म्हणूनच."

ही स्वयंपाकघरात गेली. मी खिडकीपर्यंतची भिंत घासली. मग हात भरून आले आणि कंटाळाही आला. आता सामान बाहेरच्या खोलीत आहे आणि सोफ्यापर्यंत पोचायला आडवं व्हावं लागतं.

२ मे

आज एक विचित्रच झालं.

माझ्याकडे एक विद्यार्थीण आहे, निवृत्त मुख्याध्यापिका. मी त्यांना हेडबाई म्हणतो, मनातल्या मनात. तोंडावर नुसतं बाई. यजमान गेले, त्यांची गाडी दारात धूळ खात उभी आहे, म्हणून या वयात शिकायला आल्या. परीक्षेत दोनदा नापास झाल्यात. दोन्ही वेळा परीक्षकाला त्याच्या चुका सांगितल्या.

आज गाडी मागे घेऊन दोन गाड्यांच्या मध्ये लावायचा सराव होता. माझ्याही पायाखाली ब्रेक असतो. बाईंनी काच खाली केली आणि म्हणाल्या, "मास्तर, मी ब्रेक मारायच्या आत तुम्ही मारता. पूर्वी असं नव्हतं. मी शिकणार कधी?"

मी पाय मागे घेतला. त्या आरशात बघत बघत, सहज विचारावं तसं म्हणाल्या, "मुलं किती तुम्हाला?"

हा प्रश्न मला आठवड्यातून चारदा तरी येतो. माझं उत्तर असतं, "अजून नाही." त्यातल्या 'अजून'वर जोर द्यायची सवय झालीय. आज तोंडातून निघालं, "एक. मुलगी आहे."

"केवढी?"

"पाच वर्षांची."

"वा! मग आता प्रश्न विचारून भंडावत असेल."

"विचारू नका," मी म्हणालो.

गाडी छान लागली. बाई खूश. मी पुढची शिकवणी रद्द करून रस्त्याच्या कडेला थांबलोय. का म्हणालो असं? आणि पाच कुठून काढलं? आकडा तयारच होता तोंडात.

पुढच्या वेळी सांगून टाकेन, गंमत केली म्हणून.

१८ जून

सांगितलं नाही. बाई गाडीत बसल्या की पट्टा लावायच्या आधी विचारतात, "काय म्हणते लेक?" आणि मी सांगतो. दूध प्यायला त्रास देते. समोरचा दात हलतोय, पण हात लावू देत नाही. परवा हिच्या चपला घालून घरभर फिरली. बाई हसतात, मग त्यांच्या शाळेतल्या पोरांच्या गोष्टी सांगतात. तो तास कसा जातो कळत नाही. ब्रेकवर पाय जात नाही. बाईंची गाडीही सुधारली आहे.

हे बरोबर नाही, मला कळतं. पण कुणाचं काय बिघडतंय?

काल धाकट्याचा फोन आला. त्यांच्याकडे गोड बातमी आहे. ऑक्टोबर. लग्नाला दोन वर्षं नाही झाली अजून. मी ओरडून अभिनंदन केलं, इतकं की त्यानं फोन कानापासून लांब धरला असेल. हिला कसं सांगावं तेच कळेना. जेवताना सांगितलं. ही म्हणाली, "हो? छान झालं." आणि पाणी प्यायली. जणू आधीच माहीत असावं इतकी शांत. मला काळजी वाटते. माणसानं असं दगड होऊ नये.

रुग्णालय: "नंबर आला की कळवू." सोमवारी दहा वाजता उघडतात. माझा फोन बहुधा पहिला असतो.

२९ जुलै

भिंत अजून तशीच. आज गाडीचं आतलं सगळं पुसलं, पायपुसणी बदलली, आरसे बदलले. मालक म्हणाले, "अरे, गाडी विकायची आहे का?"

३ सप्टेंबर

काल सोमवारचा फोन केला.

फोनवरची म्हणाली, प्रयोगशाळेचं काम काढलंय, यंत्रं बदलतायत. सगळ्यांचे नंबर पुढे जाणार. किती पुढे? सांगता येत नाही. चार-पाच महिने असतील.

मग मी काय काय बोललो ते मलाच आठवत नाही. बायकोचं वय सदतीस होईल, हे बोललो. तुम्हाला मुलं असतील म्हणून तुम्हाला कळत नाही, हे बोललो. शेवटी ओरडलो. रस्त्यावरची माणसं गाडीत वाकून बघत होती. ती सगळं ऐकून घेत होती. मी दमल्यावर म्हणाली, "तुम्ही पाणी प्या जरा. मी फोन धरून आहे." त्यानं तर आणखीच चिडलो आणि कट केला.

मागच्या सीटवर पुढच्या शिकवणीचा मुलगा केव्हा येऊन बसला होता कुणास ठाऊक. म्हणाला, "सर, मी उद्या येऊ का?"

५ सप्टेंबर

हिला कळलं. रुग्णालयातून पत्ता पडताळायला हिला फोन आला होता. बोलता बोलता फोनवरची म्हणाली, "मॅडम, मिस्टरांना सांगा, दर सोमवारी फोन केला नाही तरी नंबर जात नाही कुठे. आणि त्यांची तब्येत बरी आहे ना?"

मला वाटलं ही भांडेल. ही हसायला लागली. सोफ्यावर बसून पोट धरून हसली. "दर सोमवारी? मार्चपासून? अरे, तिला तुझा आवाज पाठ झाला असेल!" मीही हसलो थोडा. मग बघतो तर हिच्या गालावरून पाणी.

"मला का नाही सांगितलंस?" ही म्हणाली.

"तुला त्रास नको म्हणून."

"मला त्रास होतोच आहे. मला एकटीला होतोय असं वाटत होतं, तो जास्त होता."

मी म्हणालो, "मी ठीक आहे गं. तुझंच बघायला हवं." हिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, डोळे पुसले आणि कामाला लागली. चुकीचं काही बोललो असं मला अजूनही वाटत नाही.

२१ ऑक्टोबर

धाकट्याला मुलगा झाला. मी एकटाच जाऊन आलो. हिला म्हटलं, "नसेल यायचं तर काहीतरी कारण सांगतो." पण कारण सांगावंच लागलं नाही. दारातच आई म्हणाली, "तिला राहू दे घरी. बरं केलंस." असं तोडून बोलली की मला वाटलं, सुनेवर रागावली असणार. पूर्वी दोघींचं किती छान होतं. मध्ये काय बिनसलं कोण जाणे. दोघींत मी पडत नाही.

बाळ माझ्या हातात दिलं. हलकं असतं असं सगळे म्हणतात. मला जड वाटलं. त्यानं जांभई दिली. मी म्हणालो, "याची हेडलाइट बघा कशी मिचमिचतेय," सगळे हसले. मग मी गाडीत काहीतरी विसरलं असं सांगून खाली आलो आणि इंजिन चालू करून बसलो. कुठे जायचं नव्हतं. आईच खाली आली. काचेवर टकटक केली, शेजारच्या सीटवर बसली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"काही सांगायचंय का तुला?" म्हणाली.

"नाही गं. गाडीचा आवाज येतोय जरा, तो ऐकत होतो."

"बरं," म्हणाली. "मीही ऐकते."

१३ नोव्हेंबर

हेडबाई परीक्षा पास झाल्या. मला सकाळी कळलं, आनंद झाला. संध्याकाळी घरी गेलो तर जेवणाच्या टेबलावर रंगपेटी. मोठी, दोन मजली, वर रंगीत कागद अर्धवट फाडलेला.

ही टेबलापाशी बसली होती. म्हणाली, "तुझ्या बाई येऊन गेल्या. स्वतः गाडी चालवत. पास झाल्याचं सांगायला. आणि हे आपल्या मुलीला."

मी पिशवी खाली ठेवली. पुन्हा उचलली. उभाच राहिलो.

"तू काय सांगितलंस त्यांना?" मी विचारलं.

"काय सांगणार? त्या एवढ्या आनंदात होत्या. म्हटलं, खेळायला गेलीय. म्हणाल्या, तिचा दात पडला का? मी म्हटलं, हो, मागच्याच आठवड्यात."

वाटलं ओरडावं हिनं, काहीतरी फेकावं. ही रंगपेटीचा वरचा कप्पा उघडत होती, मिटत होती.

"पाच वर्षांची," ही म्हणाली.

"असंच आलं गं तोंडात. मी काही ठरवून..."

"आपलंही पाच वर्षांचंच झालं असतं."

मी म्हणालो, "ते मी धरत नाही."

"माहीत आहे मला. डॉक्टरांसमोर नाही म्हणालास. मला वाटलं होतं तू खरंच विसरलास. सहा वर्षं मला वाटत होतं, ते माझं एकटीचंच होतं."

मग ही उठली आणि त्या घासून ठेवलेल्या लहान खोलीत गेली. दार लावलं नाही. मी जावं का न जावं हे कळेना, म्हणून गेलो. आम्ही तिथे जमिनीवर भिंतीला टेकून बसलो. पाठीला चुना लागला. मला सहा वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाचं सगळं आठवत होतं. हिला कपडे बदलायला मदत केली ते, गाडी कुठे लावली होती ते, पार्किंगमधल्या त्या माणसाशी मी पावतीवरून घातलेला वाद. कशाला घातला तो वाद?

१५ नोव्हेंबर

बाईंकडे जाऊन रंगपेटी परत केली आणि खरं सांगितलं. दारातच, उभ्या उभ्या. मला वाटलं होतं त्या डोक्यावरून हात फिरवतील वगैरे. त्या भडकल्या.

"माझ्याशी खोटं कशाला? मी काय तुम्हाला पास-नापास करणार होते?"

"चूक झाली बाई."

"मी आपली रोज घरी येऊन विचार करत बसायचे, त्या पोरीला दूध कसं द्यावं."

मान खाली घालून उभा राहिलो. बाईंनी पेटी माझ्या हातात परत कोंबली. "मला काय करायचेत रंग? न्या. आणि बायकोला सांगा, मी रागावलेय ती तुमच्यावर. तिच्यावर नाही." दार लावलं. मग पुन्हा उघडलं आणि म्हणाल्या, "क्लच जड लागतोय माझा. सवडीनं बघून जा."

९ जानेवारी

काही नाही. सोमवारचे फोन बंद केलेत. निदान मी तसं हिला सांगितलंय. एकदाच केला, नवीन वर्षाच्या शुभेच्छा द्यायला. फोनवरची म्हणाली, "तुम्हालाही. नाही, अजून नाही."

१७ फेब्रुवारी

नंबर आला.

चौकात होतो, सिग्नलला, एक नवीन मुलगी चालवत होती. फोन वाजला आणि मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला, हिरवा सिग्नल असताना. मागून हॉर्न. फोनवरची म्हणाली, "ओळखलंत का? आज मी करतेय फोन. यंत्रं वेळेआधी बसली, यादी भराभर सरकली."

हिला ऑफिसात जाऊन सांगितलं. एवढं मोठं टेबल, त्यावर नकाशा पसरलेला, निळ्या रेघाच रेघा. हिनं हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, "मला भीती वाटते." वर्षभर आपण या दिवसासाठी थांबलो आणि भीती? मी म्हणालो, "आता तर सगळं मार्गी लागलं!" हिच्या शेजारची सहकारीण उठून चहा आणायला गेली.

१२ मार्च

इंजेक्शनं चालू. ही स्वतःच घेते, पोटाला. पहिल्या दिवशी मी देणार होतो. सुई बघितली आणि भिंतच धरली, ही म्हणाली, "तू बस बाबा खाली, आधी तुला सावरायला नको." रोज सकाळी मी कापूस धरतो. तेवढंच माझं काम. हिचं पोट निळंजांभळं झालंय. विचारलं दुखतं का, तर म्हणते, "निदान काहीतरी चाललंय."

मला रात्री झोप नाही, दिवसा भूक नाही. पण ते हवामानामुळे.

२ एप्रिल

तीन गर्भ तयार झाले. एक आज आत ठेवला, दोन गोठवून ठेवलेत. पडद्यावर दाखवला. पांढरा ठिपका. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा बघा." मी म्हणालो, "कुठे?" आणि दिसल्यावरही परत विचारलं, कुठे, म्हणजे त्यांनी परत दाखवावा.

येताना गाडी इतकी हळू चालवली की सायकलवाले पुढे गेले. एक खड्डा चुकवायला उलट्या बाजूला घातली. ही म्हणाली, "अरे, मी काचेची नाही." मग म्हणाली, "असू दे. हळूच चालव."

आता दोन आठवड्यांनी रक्ततपासणी.

१६ एप्रिल

निकाल दुपारी फोन करून विचारायचा होता. मीच करणार होतो, वर्षभर मीच करत आलो. ही म्हणाली, "आज मी करते." गाडी रुग्णालयाच्या समोरच्या रस्त्यावर लावली होती. आत जायची हिंमत नव्हती, आणि लांबही जाववत नव्हतं.

ही बोलत होती आणि मी हिच्या तोंडाकडे बघत होतो. "हो. मीच बोलतेय. बरं. बरं. कळलं. नाही, आहेत ते बरोबर. थँक्यू." फोन पर्समध्ये ठेवला. पर्सची चेन लावली.

"नाही," ही म्हणाली.

मी म्हणालो, "बरं. काही हरकत नाही. दोन आहेत अजून. तीन महिन्यांनी परत करता येतं, विचारून ठेवलंय मी. तू काळजी करू नकोस. मी आहे ना." असं बोलत बोलत किल्ली फिरवली. गाडी चालू होईना. परत फिरवली. ही म्हणाली, "अरे, चालू आहे ती."

खरंच चालू होती. मला आवाज ऐकूच येत नव्हता. मग काय झालं ते नीट लिहिता येणार नाही. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवलं आणि माझ्या तोंडून जो आवाज आला तो मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता. थांबवायला गेलो तर थांबेना. हॉर्नवर कपाळ दाबलं जाऊन तोही वाजत होता. हिनं हात पुढे करून गाडी बंद केली, मला ओढून घेतलं, पट्ट्यासकट. पाठीवर हात फिरवत राहिली. "हं," म्हणत राहिली. "हं. हं."

वर्षभर मला वाटत होतं, मी हिला सांभाळतोय.

शांत झाल्यावर मी म्हणालो, "ती मुलगी होती असं मला तेव्हा वाटायचं. आधीची. मी तुला कधी बोललो नाही."

ही म्हणाली, "मलाही."

शेवटी मला चालवता येईना, म्हणून गाडी तिथेच ठेवून चालत घरी आलो. शर्यत न लावता.

२० एप्रिल

आईच्या घराखाली, गाडीत लिहितोय. काल इथे आलो.

मीच ठरवलं, आता आईला सांगायचं. ही म्हणाली, "चल." रस्ताभर मी तालीम करत होतो. "आई, तुला एक सांगायचंय, पण घाबरून जाऊ नकोस." मग वाटलं, घाबरू नकोस म्हटलं की ती हमखास घाबरणार. "आई, आम्ही गेलं वर्षभर..." ही खिडकीबाहेर बघत होती.

"एवढं काय त्यात," ही म्हणाली. "सांग सरळ."

"तुला नाही कळायचं. तिला झेपणार नाही."

ही माझ्याकडे वळली, काहीतरी बोलणार असं वाटलं, मग माझ्या मानेवर नुसता हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

दोन्ही हातांत बॅगा घेऊन मी जिना चढलो. ही माझ्या पुढे होती. बेल वाजवायच्या आधीच आईनं दार उघडलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हिच्याकडे बघितलं आणि दोन्ही हात पुढे केले. आणि ही, जी त्या दिवशी गाडीत रडली नव्हती, घरी रडली नव्हती, ती आईच्या खांद्यावर अशी कोसळली की आईला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"ये गं माझ्या राणी," आई म्हणत होती. "दर रविवारी फोनवर तुझं रडणं ऐकते, पण हात फिरवता येत नाही. आता ये."

दर रविवारी.

मी दारात उभा. तालीम केलेलं वाक्य तोंडात तसंच. आतून बाळाचं रडणं ऐकू आलं आणि लगेच कुणीतरी आतलं दार हळूच लोटून घेतलं. म्हणजे धाकट्याच्या बायकोलाही माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. गाडीत येऊन बसली होती तेव्हाही आईला माहीत होतं, आणि मी तिला इंजिनचा आवाज ऐकवत बसलो होतो.

वाटलं चिडावं. हिनं मला विचारलं का नाही, आईनं सांगितलं का नाही. चिडायला जमेना. जिन्यातला दिवा विझला आणि मी अंधारात बॅगा धरून तसाच.

आईनं हिच्या केसांवरून मान वर केली. म्हातारी इतकी लहान झालीय, मी नीट पाहिलंच नव्हतं. एक हात हिच्या पाठीवरून काढून तिनं माझ्याकडे केला.

"दारात काय उभा राहिलास?" म्हणाली. "तू पण ये."

मी बॅगा जिन्यातच ठेवल्या.